ऊब आणि मोकळीक : गिर्यारोहकाच्या पोषाखाची कथा

१९९९ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशीं एव्हरेस्टच्या उत्तर अंगास, सुमारें ८,१५० मीटर उंचीवर, गिर्यारोहक कॉन्रॅड अँकर यांना एक जुना मृतदेह आढळला. तो अँड्र्यू आयर्व्हिन यांचा असावा असें शोधपथकास प्रथम वाटलें. परंतु कपड्यांवर शिवलेल्या चिठ्ठीवर जॉर्ज मॅलरी यांचें नांव निघालें. हे दोघे गिर्यारोहक ८ जून १९२४ रोजीं शिखराच्या वाटेवर दिसेनासे झाले होते. पुढें २०२४ सालीं त्याच बाजूच्या हिमनदीवर एक बूट व त्यांतील पाऊल सांपडलें. मोज्यावर आयर्व्हिन यांचें नांव शिवलेलें होतें. अशा रीतीनें दोघांचीही पहिली ओळख त्यांच्या कपड्यांनींच पटविली.

पण या कपड्यांविषयीं लोकांचा ग्रह फारसा चांगला नव्हता. गांवाबाहेर सहलीस निघावें तशा वेषांत हे लोक जगांतील सर्वांत उंच पर्वतावर गेले, आणि थंडीनें त्यांचा बळी घेतला, असें पुष्कळांना वाटे. हा ग्रह कितपत खरा होता, हें समजण्यास आधीं ऊब म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

ऊब कापडांत नसते. ती शरीरांत उत्पन्न होते. कापडाचें काम ती राखण्याचें. आणि तें कामही कापडाच्या तंतूंपेक्षां त्यांच्यामध्यें अडकलेली स्थिर हवाच अधिक करते. महाराष्ट्रांतील घरोघरची गोधडी याच तत्त्वावर चालते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून टांके मारले कीं थराथरांत हवा कोंडते, आणि उन्हाळ्यांत नेसावयाचें पातळ वस्त्र हिंवाळ्याचें पांघरूण होतें. लोंकरीचे तंतु कुरळे असतात व पक्ष्यांचीं मऊ पिसें फुललेलीं असतात, म्हणून त्यांत हवा पुष्कळ मावते. वारा मात्र ही सांठविलेली हवा क्षणांत उडवून नेतो. यास्तव सर्वांच्या वर एक घट्ट विणीचें, वारा अडविणारें कापड लागतें.

एवढ्यानें काम भागत असतें, तर चढणाऱ्याच्या अंगाभोंवतीं चार गोधड्या गुंडाळल्या कीं झालें! पण येथें पहिली अडचण येते ती घामाची. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरांतून सुमारें १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. तोच मनुष्य नेटानें धांवूं लागला म्हणजे ती जवळजवळ दहापट होऊं शकते. कारण स्नायूंत खर्च होणाऱ्या शक्तीचा फार तर पाव हिस्सा हालचालीच्या कामीं येतो, बाकीच्याची उष्णता होते. म्हणजे बसल्या जागीं जो अंगरखा पुरत नाहीं, तोच चढणीवर असह्य होतो. मग घाम सुटतो, कपडे भिजतात, आणि हवेची जागा पाणी घेतें. पाण्यांतून उष्णता हवेच्या मानानें सुमारें पंचवीस पट वेगानें वाहून जाते. चढण संपवून विसाव्यास थांबलेल्या मनुष्यास हुडहुडी भरते ती बहुधा याच कारणानें. थंड प्रदेशांत फाजील ऊब ही अपुऱ्या उबेइतकीच घातक ठरते.

या कामीं सर्व कापडें सारखीं नसतात. सुती कापड घाम शोषून तो अंगाशींच धरून ठेवतें व लवकर वाळत नाहीं. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेते, तरी हातास ओली लागत नाहीं; पावसांत घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागें फिरणारा धनगर हें अनुभवानें जाणतो. नॉर्वेच्या सैन्यांतील हेन्रिक ब्रून या अधिकाऱ्यानें १९३३ सालीं चक्क मासे धरण्याच्या जाळ्याची बंडी करून पाहिली. तिच्यावर दुसरा कपडा असला कीं तिच्या भोंकांत हवा कोंडते. गळपट्टी सैल केली कीं त्याच भोंकांतून वाफ वर निघून जाते. १९७६ पासून बाजारांत आलेल्या गोर-टेक्स कापडाच्या पापुद्र्याला इतकीं सूक्ष्म छिद्रें असतात कीं पाण्याचा थेंब आंत शिरत नाहीं, पण वाफ बाहेर जाते. तरीही जोराच्या श्रमांत सुटणारा सारा घाम त्या छिद्रांतून जाऊं शकत नाहीं, म्हणून अशा अंगरख्यांना पुष्कळदां काखेखालीं उघडझांप करण्याजोगी फट ठेवावी लागते.

दुसरी अडचण हालचालीची. गुडघा किंवा कोपर वाकवितांना त्यावरील कातडी लांबीनें तिसऱ्या हिश्शाहून अधिक ताणली जाते. साधें विणलेलें कापड तितकें ताणत नाहीं. तें घट्ट असेल तर प्रत्येक पावलागणिक त्याच्याशीं झुंजावें लागतें. फार ढिलें असेल तर भात्याप्रमाणें आंतली ऊबदार हवा बाहेर फेंकतें. यावर एक उपाय ताणणाऱ्या धाग्याचा. हातविणीचें किंवा यंत्रविणीचें लोंकरी कापड पूर्वींपासून ताणत आलें आहे; १९५८ सालीं अमेरिकेंत जोसेफ शिव्हर्स यांनीं स्पँडेक्स हा रबराप्रमाणें ताणणारा धागा शोधून काढला, आणि धांवपटूंचा पोषाख पालटला. दुसरा उपाय बेतण्याच्या कौशल्याचा. सदऱ्याच्या काखेंत शिंपी चौकोनी तुकडा जोडतो तो याचसाठीं, कीं हात वर केला असतां सदरा कमरेपासून उचलला जाऊं नये.

आतां मॅलरी यांच्या पोषाखाकडे वळावें. २००६ सालीं इंग्लंडांत त्यांच्या कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांवरून त्यांची हुबेहूब प्रतिकृति तयार करण्यांत आली. आंत सूत, रेशीम व लोंकर यांचे अनेक पातळ थर, आणि वर गॅबर्डिन या घट्ट विणीच्या कापडाचा अंगरखा, अशी ती रचना होती. अंगरख्याची बाही अशी बेतली होती कीं हात डोक्यावर नेला तरी अंगरखा जागचा हलत नसे. रेशमाच्या गुळगुळीतपणामुळें थर एकमेकांवरून सहज घसरत व हातापायांस अडथळा होत नसे. ग्रॅहॅम हॉयलंड यांनीं हा वेष एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहिला. तो हलका, मोकळा आणि चढतांना पुरेसा ऊबदार ठरला. मॅलरी सहलीच्या वेषांत गेले हा ग्रह खोटा होता. परंतु चालत्या शरीराची उष्णता गृहीत धरून बेतलेला हा पोषाख त्या उंचीवर उघड्यावर रात्र काढण्यास पुरणारा नव्हता. पाय चालते तोंवरच तो पुरेसा होता.

याची दुसरी बाजू जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञानें ओळखली होती. १९२२ च्या मोहिमेंत त्यांनीं विमानफुग्याच्या कापडांत आयडर बदकाचीं पिसें भरून शिवलेला डगला नेला. सोबत्यांनीं प्रथम थट्टा केली. पण वादळी वाऱ्यांत तंबूंत अडकून पडण्याची वेळ आली तेव्हां त्या डगल्याची किंमत कळली. फिंच यांनीं त्या वेळीं प्राणवायूच्या साह्यानें ८,३०० मीटरांच्या वर मजल मारली. पुढें १९५२ ते १९५७ या काळांत हेच गृहस्थ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते, ही गोष्ट पुणेकरांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

आजचा गिर्यारोहक मॅलरी यांचे पातळ थर आणि फिंच यांचा पिसांचा डगला, दोन्ही बरोबर नेतो. चढतांना थर कमी करावयाचे आणि थांबतांच, गारठा लागण्यापूर्वीं, डगला चढवावयाचा, असा त्याचा नेम असतो. हिंवाळ्याच्या पहाटे धांवावयास निघणाऱ्या तरुणानें, किंवा हिमालयाच्या पदयात्रेस मुलांना धाडणाऱ्या आईबापांनीं, एवढाच नेम ध्यानांत ठेवावा. निघतांना किंचित् गार वाटलें तर तें योग्यच समजावें. घाम येण्याआधीं एक थर उतरवावा. आणि थांबण्याच्या वेळेसाठीं एक कोरडा, ऊबदार कपडा पिशवींत असूं द्यावा. मॅलरी आणि आयर्व्हिन यांजपाशीं चालण्याचा पोषाख उत्तम होता; थांबण्याचा नव्हता.