जीन्स फाटायच्या आधी

तुमची सगळ्यात जुनी जीन्स घ्या आणि खिडकीसमोर धरा. गुडघ्यापाशी, मांड्यांच्या आतल्या बाजूला, मागच्या खिशाच्या कोपऱ्याशी उजेड आरपार दिसतो का? तिथे अजून भोक पडलेले नसेल तर दुरुस्तीची खरी वेळ हीच आहे. भोक पडल्यावर काम कितीतरी वाढते, आणि त्याचे कारण कापडाच्या विणीत आहे.

डेनिममध्ये उभे धागे (ताणा) निळे असतात, आडवे (बाणा) पांढरे. नेहमीच्या विणीत प्रत्येक उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि चौथ्याखाली शिरतो. म्हणून बाहेरून निळा रंग जास्त दिसतो, आणि घासही मुख्यतः निळ्या धाग्यांनाच लागते. ते आधी तुटतात आणि मागे पांढऱ्या आडव्या धाग्यांची झालर उरते. (तीच झालर आयती हवी म्हणून दुकानात जास्त पैसे मोजणारे आहेत, ते सोडा.)

झीज कुठवर आली हे रंग आधीच सांगतो. नीळ, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या टाकीत तिचे क्षपण केले की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते. त्यात बुडवलेला धागा हवेत काढला की ऑक्सिडीकरण होऊन पुन्हा निळा होतो. असे कित्येकदा बुडवूनही रंग बाहेरच्या थरातच राहतो, गाभा पांढराच. म्हणजे एखादी जागा भोवतालपेक्षा पांढरी पडली, तर तिथले बाहेरचे तंतू गेलेले आहेत.

आपल्या मॉरिसव्हिलपासून तासा-सव्वातासावर, ग्रीन्सबरोच्या व्हाइट ओक गिरणीत, हे कापड १९०५ पासून विणले जात होते. लिव्हायसच्या प्रसिद्ध ५०१ जीन्सचे कापड तिथलेच. ३१ डिसेंबर २०१७ रोजी ती बंद झाली. मुंबईचे गिरणगाव पाहिलेल्यांना त्याबद्दल जास्त सांगायला नको. आणि जाड सुती कापडासाठीचा इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला, असे कोश सांगतात!

आता फाटण्याकडे वळू. धागा तुटला की त्याच्यावरचा ताण नाहीसा होत नाही, तो शेजारच्या धाग्यांवर जातो. भोकाच्या टोकाशी असलेल्या दोन-चार धाग्यांवर तो सगळा येतो, मग तेही तुटतात. खिशाचे कोपरे याच कारणाने उसवत. रीनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस यांनी तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि २० मे १८७३ रोजी त्यांना व लिव्हाय स्ट्रॉस यांना मिळून पेटंट मिळाले. साहित्यविज्ञानात आम्ही ज्याला ताणाचे केंद्रीकरण म्हणतो, ते एका शिंप्याने हाताने ओळखले होते.

ठिगळ लावताना हाच नियम आपल्यावर उलटतो. इस्त्रीने चिकटणारे ठिगळ गोंदामुळे कडक होते. गुडघा वाकला की कडक आणि मऊ भाग जिथे भेटतात त्या कडेवर सगळा ताण येतो आणि कापड ठिगळाच्या कडेनेच फाटते. गुडघ्याला ते मी कधीच लावणार नाही. त्याऐवजी जुन्या, धुऊन आटलेल्या सुती कापडाचा तुकडा आतून लावा. तो विरलेल्या भागाच्या चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर तरी पुढे जाऊ द्या, कोपरे गोल कापा आणि त्याचे उभे धागे जीन्सच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने ठेवा. कापड तिरपे ताणले जाते, म्हणून तिरका तुकडा लावला तर जागा फुगते.

मग आईच्या गोधडीसारखा साधा धावदोरा घाला, उभ्या धाग्यांच्या दिशेने, ओळी जवळजवळ. फक्त सगळ्या ओळी एकाच रेषेत संपवू नका. एक लांब, एक आखूड. एका रेषेत पडलेली सुईची भोके पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी असतात, तिथूनच फाटते. दोरा ओढून घट्ट करू नका. आणि तो सुतीच घ्या, कारण कापडापेक्षा दोरा फार मजबूत असला तर कापड कापले जाते. पुन्हा दोराच तुटला तर पाच मिनिटांचे काम आहे.

धुण्याबद्दल थोडक्यात. जीन्स उलटी करून गार पाण्यात धुवा, म्हणजे घासण्याचा मार आतल्या बाजूला बसतो. रोज धुवायची गरज नाही. अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने १५ महिने न धुतलेली जीन्स तपासली गेली. तीच धुऊन पुन्हा १३ दिवस घातल्यावरही जीवाणू जवळपास तितकेच आढळले. फ्रीजरमध्ये ठेवून जंतू मरतात ही समजूत मात्र सोडा, गारठ्यात पुष्कळ जीवाणू तग धरतात.

खरा शत्रू ड्रायर. त्याच्या जाळीतला निळसर कापूस म्हणजे तुमच्या कपड्यांचेच तंतू. बाल्कनीत वाळत घालायला सोसायटीची मनाई असेल तर घरात स्टँडवर, पंख्याखाली वाळवा. इथल्या दमट उन्हाळ्यात वेळ लागेल इतकेच.

स्ट्रेच जीन्सला उष्णता आणखी बाधते, कारण तिच्यातले लवचीक स्पॅन्डेक्स तंतू थकतात. गुडघे लोंबू लागले की ती ताकद रफूने परत येत नाही. अशी जोडी टाकताना पोटऱ्यांकडचा भाग तेवढा कापून ठेवा. तो फारसा झिजलेला नसतो, आणि पुढच्या स्ट्रेच जीन्सला आतून लावायला तसाच ताणला जाणारा तुकडा लागेल.