विकतचे दुवे

दौंड तालुक्यात माझ्या भाचीचे गुऱ्हाळ आहे. गूळ रसायनमुक्त, रंगाने काळसर. तीन वर्षांपूर्वी तिने त्याची वेबसाइट काढली आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके घरबसल्या मिळू लागली. गेल्या उन्हाळ्यात तिचा मला शिरूरला फोन आला, "मामा, दुकान उघडं आहे, पण चौकातली पाटीच कुणीतरी उपटून नेलीय." गूगलवर शोधले तर तिची वेबसाइट सापडत नव्हती.

न्हावरे-चौफुला मार्गाने मी एस.टी.ने दौंड गाठले. हळूहळू उलगडा झाला. आठ महिन्यांपूर्वी एका जाहिरात संस्थेने "पहिल्या पानावर आणतो" असे सांगून तिच्याकडून अठरा हजार रुपये घेतले होते आणि चारशे 'लिंक' जोडून दिल्या होत्या. त्या होत्या जुगाराच्या, परदेशी फर्निचरच्या आणि कुणीच न वाचणाऱ्या वेबसाइटींवर. दोन महिने तिचे नाव वर गेले. मग गूगलची सूचना आली: तुमच्याकडे येणारे दुवे अनैसर्गिक आहेत. त्यानंतर घसरण.

फर्निचरवाल्याच्या पानावरच्या एका ओळीने गुळाची पत वाढावी तरी का? तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केल्यामुळे हा प्रश्न मला अगदीच परका नव्हता. त्याचे मूळ आमच्याच व्यवसायात आहे.

१९२७ साली अमेरिकेत ग्रोस आणि ग्रोस या दोघांनी महाविद्यालयीन ग्रंथालयाने कोणती रसायनशास्त्राची नियतकालिके घ्यावीत, याचा विचार केला. विद्वानांची मते विचारत बसण्याऐवजी त्यांनी एका नामांकित नियतकालिकातल्या तळटीपा मोजल्या. ज्याचा उल्लेख जास्त, ते आधी घ्यावे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये असे उल्लेख पद्धतशीर नोंदवण्याची कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्यांची विज्ञान-उल्लेखसूची नियमित निघू लागली. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हाच विचार इंटरनेटला लावला. एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला, तर ती एक साक्ष समजावी. या पद्धतीचे नाव 'पेजरँक'. गूगल तिच्यावर उभे राहिले.

भाचीला मी ही पद्धत दौंड स्टेशनवरच समजावली. समजा, एक रिकामटेकडा प्रवासी आहे. तो ज्या स्टेशनवर उतरेल, तिथून सुटणारी कुठलीही गाडी पकडतो. शंभरपैकी ८५ वेळा हे करतो. उरलेल्या १५ वेळा डोळे मिटून नकाशावर कुठेही बोट ठेवतो आणि तिथून पुन्हा सुरुवात करतो. असा तो वर्षानुवर्षे फिरला, तर जास्त वेळा कुठे सापडेल? कडेठाणला की दौंडला? अर्थात दौंडला. इथे पुण्याकडचा, सोलापूरकडचा, मनमाडकडचा आणि बारामतीचा असे चार बाजूंचे रूळ येतात. पेजरँक म्हणजे हा प्रवासी एखाद्या पानावर सापडण्याची शक्यता.

यातून दोन गोष्टी निघतात. साक्षीचे वजन साक्षीदाराच्या वजनावर ठरते. पुण्याहून येणारा रूळ आणि आडबाजूच्या थांब्यावरून येणारा रूळ सारखे नव्हेत. आणि साक्षीदाराचे वजन त्याने दिलेल्या सगळ्या दुव्यांत वाटले जाते. हजार जणांना शिफारसपत्र देणाऱ्याच्या पत्राला किंमत किती राहणार?

फसवणुकीची फटही इथेच आहे. कुणी न जाणारी चारशे खोटी स्टेशने नकाशावर काढली आणि सगळ्यांचे रूळ एकाच ठिकाणी आणले, तर त्या १५ वेळांपैकी कधीतरी प्रवासी एखाद्या खोट्या स्टेशनवर पडतो आणि तिथून हव्या त्या ठिकाणी पोहोचतो. प्रत्येकाचा वाटा थेंबभर. पण थेंबे थेंबे तळे साचते. दुवे ठोक भावाने विकले जातात ते यामुळे.

हे मोठ्यांनीही केले आहे. जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी असंबद्ध वेबसाइटींवर हजारो दुवे पेरल्याचे २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणले आणि गूगलने तिला खाली ढकलले. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल अशा दुव्यांवरच रोखलेला होता. त्याआधी २००५ मध्येच 'नोफॉलो' ही खूण आली होती: दुवा द्यायचा, पण ती साक्ष धरू नये. विकिपीडियातले बाहेरचे दुवे अशाच खुणेचे असतात. २०१९ पासून पैसे घेऊन दिलेल्या दुव्यासाठी वेगळी खूण आहे. आज गूगल असे बरेचसे दुवे नुसतेच दुर्लक्षित करते. मात्र माणसाने तपासून कारवाई केली, तर भाचीसारखी गत होते.

आम्ही चारशे पत्ते वहीत उतरवले. प्रत्येकाला दुवा काढण्याची विनंती पाठवली. मोजक्यांनीच ऐकले. उरलेल्यांची यादी 'हे दुवे आमचे मानू नका' म्हणून गूगलला दिली आणि झाले ते लपवून न ठेवता फेरविचाराचा अर्ज केला. काही आठवड्यांनी कारवाई उठली. पण आधीची जागा परत मिळाली नाही. मिळणार कशी? ती तिची नव्हतीच.

खरे दुवे मिळवायला वेगळेच काम करावे लागले. मी तिला म्हटले, "गूळ विकत घ्या एवढंच सांगणाऱ्या पानाची तळटीप कोण देईल? तुला जे माहीत आहे, ते लिही." ती लिहू लागली. को ८६०३२ जातीचा ऊस गुळासाठी का घेतो. रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस कसा वापरतात. हायड्रॉस घातले की गूळ पिवळाधमक का होतो. काहील उतरवायची वेळ गुळव्या कशी ओळखतो. चुलवाणात चिपाडे किती लागतात. सोबत स्वतः काढलेली छायाचित्रे. वर्षभरात तीन दुवे आले: एक खाद्यसंस्कृतीवर लिहिणाऱ्या बाईंचा, एक कृषी महाविद्यालयाच्या पानावरचा, एक दिवाळीच्या फराळावरच्या लेखातला. एकही विकत घेतलेला नव्हता. एकाने 'काळा गूळ काळा का असतो' अशा शब्दांत दुवा दिला होता. 'येथे क्लिक करा' यापेक्षा असे शब्द शोधयंत्राला कितीतरी जास्त सांगतात. आता दौंडचा गूळ शोधला की ती पहिल्या पानावर दिसते. नुसते 'गूळ' शोधले, तर मोठ्या कंपन्याच पुढे असतात, आणि तिला त्याचे दुःख नाही.

मला मात्र एका गोष्टीचे दुःख आहे. शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज, यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत. त्यांच्याविषयी मराठीत शोधून पाहा. तेच परिच्छेद या पानावरून त्या पानावर उचललेले दिसतात. पहिल्यांदा कुणी लिहिले, याचा पत्ता नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा मूळ पत्रे छापली, म्हणजे पुढच्याला बोट ठेवून दाखवता यावे. ती शिस्त आपण पडद्यावर आणली नाही. दुवा न देणारा लेखक फक्त कृतघ्न ठरत नाही; मुळात ज्याने कष्ट केले, त्याला तो शोधणाऱ्याच्या नजरेआड करतो. रूळच टाकले नाहीत, तर जंक्शन होणार कुठून?

मराठीत दुवा म्हणजे जोडणारी कडी आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. भाचीने आता आपल्या पानाच्या शेवटी, भेंडीची युक्ती तिला ज्या शेजारच्या गुऱ्हाळवाल्याने शिकवली, त्याच्या पानाचा दुवा दिला आहे. तो तिचा स्पर्धक आहे.