इंकजेट छायाचित्र-कागदांची नावे : एक संज्ञाविचार

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागणाऱ्या राई गावातील जुनी घरे, किंवा भाईंदर परिसरातील मिठागरे, यांची छायाचित्रे एखादा अभ्यासक घेतो तेव्हा तो पुढील अभ्यासकांसाठी पुरावा ठेवीत असतो. हा पुरावा आता बहुधा विभागातील इंकजेट मुद्रकावर छापला जातो. तो किती काळ टिकेल हे शाईइतकेच कागदावरही अवलंबून असते. आणि कागद निवडताना ग्राहकाच्या हाती वेष्टनावरील नावापलीकडे फारसे काही नसते. प्रस्तुत लेखात या नावांचाच विचार केला आहे.

कॅननच्या कागदांत 'फोटो पेपर प्लस ग्लॉसी टू' आहे, तसाच 'फोटो पेपर प्रो प्लॅटिनम'ही आहे. 'ग्लॉसी' या शब्दाने तकाकी कळते. 'प्लस', 'प्रो' किंवा 'प्लॅटिनम' या शब्दांनी मात्र किमतीची पायरी तेवढी सूचित होते, कागदाची घडण नव्हे. एप्सनचे उदाहरण अधिक बोलके आहे. या कंपनीचा 'अर्काइव्हल मॅट' हा कागद अमेरिकेत पुढे 'एन्हान्स्ड मॅट' झाला आणि त्यानंतर त्याच्या सुट्या तावांना 'अल्ट्रा प्रीमियम प्रेझेंटेशन पेपर मॅट' असे लांबलचक नाव मिळाले. युरोपच्या बाजारात मात्र पहिलेच नाव चालू राहिले. कागद एक, नावे तीन! जुन्या मुद्रकाच्या आज्ञावलीत जुनेच नाव असल्याने नवे पाकीट आणणारा कोणता पर्याय निवडावा या संभ्रमात पडतो. चुकीचा पर्याय निवडल्यास शाईचे प्रमाण बिघडते आणि दोष मुद्रकाला दिला जातो.

ब्रोमाइड कागदाच्या काळी अशी स्थिती नव्हती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असो वा परदेशी कागद, श्रेणीचा क्रमांक वाढला की छायाप्रकाशातील भेद तीव्र होई. निरनिराळ्या कंपन्यांचे क्रमांक तंतोतंत जुळत नसत, तरी त्यांची दिशा एकच असे.

इंकजेट कागदाबाबत नावाने जे सांगावयास हवे ते म्हणजे लेपाचा प्रकार. सच्छिद्र लेपात सिलिका अथवा ॲल्युमिनाचे सूक्ष्म कण असतात; शाई त्यांच्या पोकळ्यांत शिरून तत्काळ सुकते, परंतु हवेतील ओझोनही तेथवर पोहोचतो व डाय प्रकारच्या शाईचा रंग लवकर उडतो. फुगणाऱ्या लेपात जिलेटिनसारखे द्रव्य शाईला वेढून घेते. त्यामुळे रंगाचे रक्षण होते, मात्र सुकण्यास वेळ लागतो आणि खाडीलगतच्या पावसाळी दमट हवेत असे ताव एकमेकांस चिकटतात. पिगमेंट शाईसाठी सच्छिद्र लेपच योग्य. त्यातही 'मॅट ब्लॅक' ही काळी शाई तकाकीच्या कागदावर बसत नाही, बोटाने पुसली जाते. जीएसएमचा आकडा केवळ वजन सांगतो, लेपाविषयी काहीच नाही, तरी दुकानात पहिली विचारणा त्याचीच होते.

पाकिटावर लेपाचा उल्लेख नसल्यास एका तावाच्या कोपऱ्यावर ओले बोट क्षणभर टेकवावे. फुगणारा लेप चिकट लागतो. सच्छिद्र लेप तसा लागत नाही.