छेदात कोण आहे? चाकणचा कामगार आणि आजारांची आकडेवारी

फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात पुणे परिसरातल्या जीबीएसच्या, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमच्या, संशयित रुग्णांची संख्या १९२ झाली होती. आरोग्य विभाग तेव्हा रोज आकडे देत होता आणि त्यांची फोडही देत होता. पुणे महापालिका ३९, महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावं ९१, पिंपरी-चिंचवड महापालिका २९, पुणे ग्रामीण २५ आणि इतर जिल्हे ८. बेरीज करून बघा, जुळते. (सरकारी तक्त्याची बेरीज आपण स्वतः करून बघायची, ही सवय आत्तापासून लावून घ्या. पुढे फार उपयोगी पडते.)

आता या पाच ओळींपैकी दुसरी ओळ पुन्हा वाचा. ही समाविष्ट गावं कायद्याने पुणे महापालिकेतच आहेत. म्हणजे कारकुनी हिशोबाने ३९ आणि ९१ मिळून ‘पुणे महापालिका १३०’ असं लिहिलं असतं तरी ते चूक ठरलं नसतं. पण तसं लिहिलं असतं तर ‘शहरभर जीबीएस पसरलाय’ एवढंच दिसलं असतं. ओळ वेगळी ठेवल्यामुळे लगेच प्रश्न उभा राहिला, की याच गावांत एवढे रुग्ण का? किरकटवाडी, नांदेड (हे सिंहगड रस्त्यावरचं नांदेड, मराठवाड्यातलं नव्हे), नांदोशी, खडकवासला हा पट्टा २०२१ मध्ये महापालिकेत आला. तिथल्या बऱ्याच भागाला नांदेड गावातल्या विहिरीचं पाणी जात होतं, तेही पूर्ण शुद्धीकरण न होता फक्त क्लोरीन टाकून. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून तो पोटात जातो. जुलाब होतात, बहुतेकांचे थांबतात. पण काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आपल्याच नसांवर उलटतात, कारण जीवाणूच्या बाह्य आवरणातले काही रेणू आणि नसांवरचे काही रेणू यांत साम्य असतं. मग एक ते तीन आठवड्यांत पायांतली ताकद जाऊ लागते.

असं साधारण हजार संसर्गांमागे एकाला होतं. म्हणजे जीबीएसच्या एका रुग्णामागे कितीतरी लोक नुसते जुलाब होऊन घरी बसलेले असतात आणि ते कुठल्याच तक्त्यात नसतात.

मला आज बोलायचंय ते चौथ्या ओळीबद्दल, म्हणजे ‘पुणे ग्रामीण २५’ बद्दल. पिंपरी-चिंचवडची हद्द उत्तरेला मोशी-चिखलीपर्यंत येऊन थांबते. इंद्रायणी ओलांडली की खेड तालुका लागतो. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी. रस्त्याने जाताना हद्द कुठे संपली ते कळतही नाही, कारखाने, गोदामं आणि भाड्याच्या खोल्या सलग चालू असतात. पण कागदावर हा सगळा पट्टा ‘ग्रामीण’, म्हणजे भोर आणि इंदापूरबरोबर एकाच ओळीत. सिंहगड रस्त्यावरच्या गावांना वेगळी ओळ मिळाली, म्हणून तिथली विहीर दिसली. चाकणला अशी ओळ नाही. तिथे उद्या पाण्याचं काही बिघडलं तर ते पंचवीसच्या आकड्यात मिसळून जाईल.

संशोधनाला बसलेले बरेच जण विषय ‘औद्योगिक पट्ट्यातील सार्वजनिक आरोग्य’ असा घेतात, कॉर्पोरेशनची आकडेवारी मिळवतात आणि तिला पट्ट्याची आकडेवारी म्हणतात. ती कॉर्पोरेशनची असते, पट्ट्याची नव्हे.

हा झाला अंशाचा प्रश्न, म्हणजे रुग्ण कुठल्या ओळीत मोजला गेला याचा. छेदाचा प्रश्न याहून अवघड आहे. दर काढायचा तर रुग्णसंख्येला लोकसंख्येने भागायचं. पण लोकसंख्या किती? शेवटची जनगणना २०११ ची. त्यात पिंपरी-चिंचवड १७ लाख २७ हजार आणि चाकण ४१ हजार ११३. त्याआधीच्या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं होतं, तेव्हा त्यानंतर काय झालं असेल ते तुम्हीच बघा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

जुना छेद वापरला म्हणून सगळंच चुकतं, असं मात्र नाही. इथे जरा थांबून गणित करू. जगभरात जीबीएसचं नेहमीचं प्रमाण वर्षाला लाखामागे एक ते दोन असं धरतात. १७.२७ लाखांना ते लावलं तर पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षाला १७ ते ३५, म्हणजे महिन्याला दीड ते तीन रुग्ण अपेक्षित. लोकसंख्या समजा २७ लाख धरली, तर महिन्याला सव्वादोन ते साडेचार. प्रत्यक्षात साधारण महिनाभरात २९. म्हणजे छेद कुठलाही घ्या, निष्कर्ष बदलत नाही, रुग्ण नेहमीपेक्षा जास्तच होते. (एक शंका रास्त आहे. एरवी जीबीएसची कुणी रोज नोंद घेत नाही. बातम्या आल्यावर प्रत्येक हॉस्पिटल कळवू लागलं, त्यामुळेही आकडा थोडा फुगला असेल. पण दहापट फुगेल असं मला वाटत नाही.)

चाकणला हे चालत नाही. समजा, हा आकडा मी उदाहरणापुरता घेतोय, एका पावसाळ्यात चाकणमध्ये डेंग्यूचे ६० रुग्ण नोंदले गेले. ४१ हजारांनी भागलं तर लाखामागे १४६. खरी लोकसंख्या दीड लाख असेल तर लाखामागे ४०. पहिल्या आकड्याने चाकण जिल्ह्यातलं सगळ्यात वाईट गाव ठरेल, दुसऱ्याने ते चारचौघांसारखं दिसेल. आणि त्या साठमध्ये खोलीवरच पॅरासिटामॉल खाऊन तापातून उठलेले कामगार नाहीतच. अंशही कमी, छेदही कमी, भागाकार मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक! असा दर बघितला की हात आखडता घ्या.

हा केवळ गणिताचा खेळ नाही. उपकेंद्र ५ हजार लोकांना एक, प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांना एक, हे निकष लोकसंख्येवर ठरतात आणि ती लोकसंख्या जनगणनेतून येते. कॉट बेसिसवर एका खोलीत सहा जण राहणारी माणसं त्यात नसतील, तर त्यांच्या वाट्याची आरोग्यसेविका, त्यांच्या वाट्याची फवारणी आणि त्यांच्या वाट्याची पाणीतपासणी हेही त्यात नसतं.

आता डेंग्यूकडेच नीट बघू, कारण या पट्ट्यात प्रतिबंधाचं सगळ्यात जास्त काम त्याच्यावर चालतं. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड येतं. दिवसाआड पाणी म्हणजे साठवण आली. पिंपं, ड्रम, गच्चीवरची टाकी. एडिस डासाला घरातलं असं स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे पिंप घासावं लागतं. ज्याला पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नाही, त्याला भरलेलं पिंप ओतून द्या म्हणणं किती सोपं आहे, याचा विचार सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत मला क्वचितच दिसतो.

डास किती आहेत हे मोजायला तीन निर्देशांक वापरतात. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या तो घर निर्देशांक, पाण्याच्या शंभर भांड्यांमागे किती भांड्यांत सापडल्या तो भांडी निर्देशांक आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती तो ब्रेटो निर्देशांक. पुस्तकात हे सरळ वाटतं. आता कल्पना करा, एक वीस खोल्यांची चाळ आहे, बाहेर सामायिक तीन ड्रम, त्यांतल्या दोनांत अळ्या. प्रत्येक खोली म्हणजे एक घर धरलं तर ब्रेटो निर्देशांक १०. चाळ म्हणजे एक घर धरलं तर २००! ड्रम तेच, अळ्या त्याच. आणि घर निर्देशांक काढायचा तर ड्रम कुठल्या खोलीच्या नावावर टाकायचे? ‘घर’ ही व्याख्या स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत चालते, मेदनकरवाडीतल्या चाळीत ती तुम्हाला स्वतः ठरवावी लागते आणि ठरवली की लिहून ठेवावी लागते. मी स्वतः अशा ठिकाणी भांडी निर्देशांकावर जास्त भरवसा ठेवतो. वरच्या उदाहरणात तो तीनपैकी दोन, म्हणजे ६७ टक्के, आणि घराची व्याख्या बदलली तरी तो हलत नाही.

शिवाय सर्वेक्षणाची वेळ. कर्मचारी सकाळी अकराला येतात. पहिल्या पाळीचा माणूस कंपनीत असतो, रात्रपाळीचा झोपलेला. अर्ध्या दारांवर ‘बंद घर’ असा शेरा पडतो आणि विश्लेषणात बंद घरं सहसा वगळली जातात. म्हणजे कामगार तिथेही गळाला.

आणखी एक अडचण पत्त्याची. एडिस दिवसा चावतो. दिवसा माणूस कुठे असतो? शॉप फ्लोअरवर, भंगार साठवलेल्या आवारात, जिथे जुने टायर, रिकामे ड्रम आणि पाणी साठलेली ताडपत्री असते. ताप चार ते दहा दिवसांनी येतो, फॉर्मवर पत्ता खोलीचा लिहिला जातो आणि फवारणी खोलीभोवती होते. एडिस सहसा काहीशे मीटरपलीकडे उडत नाही, त्यामुळे दहा किलोमीटरवरच्या प्लांटमधला डास तसाच राहतो.

याहून पुढची गोष्ट म्हणजे ताप वाढला की माणूस गावी जातो. बीड, लातूर, नांहीतर थेट बिहार. इथे सुट्टी परवडत नाही, करायला कुणी नसतं. दरमहा २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना कामगार विमा लागू होतो. त्यात आजारपणात ७० टक्के वेतन मिळायची तरतूद आहे, पण त्यासाठी त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कंत्राटदार बदलला, मध्ये खंड पडला, की ७८ भरत नाहीत. मग माणूस कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे सुई घेतो. तिथे रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी राष्ट्रीय कार्यक्रमात ती निश्चित डेंग्यू म्हणून धरत नाहीत, एलायझा लागते. सुई घेऊन माणूस रात्रीच्या गाडीने गावी. त्याचा आजार चाकणचा, नोंद झालीच तर दुसऱ्या जिल्ह्याची.

तुम्ही या विषयावर आराखडा लिहायला बसलात तर काय करता येईल? छेदासाठी एकाच स्रोतावर राहू नका. मतदार यादीत परगावचा कामगार नसतो, मालमत्ता करात मालकाची एक नोंद आणि खोल्या पंधरा. त्यापेक्षा पल्स पोलिओचा सूक्ष्म कृती आराखडा मागून बघा. बांधकामं, वीटभट्ट्या, पालं अशा वस्त्या त्यात वेगळ्या दाखवलेल्या असतात, कारण एकही मूल सुटू नये हा त्याचा हेतू. पण एकट्या राहणाऱ्या तरुणांची त्यात नोंद नाही, आणि चाकणमध्ये तेच जास्त. म्हणून निवडक चाळींत रविवारी किंवा पाळी बदलायच्या वेळी स्वतः मोजणी करा, खोलीमागे माणसं किती ते काढा आणि दर एकच न देता कमीत कमी व जास्तीत जास्त लोकसंख्या धरून दोन्ही द्या.

अंशासाठी फॉर्मवर तीन प्रश्न वाढवा: गेल्या दोन आठवड्यांत कामाला कुठे होता, पिण्याचं पाणी कुठलं (नळ, टँकर, बोअर की कंपनीतलं) आणि ताप आल्यावर गावी गेला होता का. जीबीएससाठी दोन आठवडे पुरणार नाहीत, तिथे किमान चार धरा. आणि फॉर्म हिंदीतही छापा.