एकटा माणूस, एक होडी आणि 236 दिवस

प्रवासात रेंज गेली की एपिसोड अडकतो, त्यामुळे नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. आजचा विषय आहे शिडाच्या होडीतून, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत.

मला आधी वाटायचं, यात खरी भीती लाटांची. पण भारतीय नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांच्याबद्दल वाचत गेलो आणि लक्षात आलं, अवघड शब्द ‘एकट्याने’ हा आहे.

ही ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत फ्रान्समधून सुटते आणि जगाला वळसा घालून तिथेच संपते. नियम असा, की साधनं 1968 सालच्या शर्यतीत होती तशीच. जीपीएस सीलबंद पेटीत असतं, फक्त संकटासाठी. मग आपण कुठे आहोत हे कळणार कसं? सेक्स्टंट नावाच्या उपकरणाने क्षितिजापासून सूर्याची उंची मोजायची, अचूक वेळ बघायची आणि गणित करायचं. आभाळ भरलेलं असेल तर वेग आणि दिशेवरून अंदाज बांधायचा.

दुसरा प्रश्न झोपेचा. सुकाणू धरायला दुसरं कुणी नाही. वाऱ्यावर चालणारं एक यंत्र होडीची दिशा सांभाळतं, तेवढ्यात तुकड्या-तुकड्यांत झोप उरकायची. आणि तेच यंत्र बिघडलं तर? टॉमींवर ती वेळ आली, तेव्हा त्यांनी दुरुस्तीसाठी होडीतल्या संडासाचं दारसुद्धा वापरलं. समुद्रात स्पेअर पार्टचं दुकान कुठे असणार!

पण शरीरच बिघडलं तर? 2018च्या शर्यतीत, 21 सप्टेंबरला, दक्षिण हिंद महासागरात वादळाने त्यांची ‘तुरीया’ उलटवली. ही होडी आपल्या गोव्यात बांधलेली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठताही येईना. आत पडल्या पडल्या ते फक्त मेसेज पाठवू शकत होते. पर्थ तिथून जवळपास 1,900 सागरी मैल दूर. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढलं. पुढे मणक्यात टायटॅनियमच्या सळया बसल्या.

इथे गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण ते 2022 मध्ये पुन्हा निघाले. सोळा जण सुटले, मुख्य गटात शेवटपर्यंत पोचले तिघेच. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या. ही शर्यत जिंकणारी पहिली महिला! टॉमी 236 दिवसांनी, 29 एप्रिल 2023 ला, दुसरे आले.

धाडस म्हटलं की आपल्याला उडी मारणारा माणूस दिसतो. मला आता रोज सकाळी दोऱ्या तपासणारा, गणित दोनदा करणारा, थकलेला असूनही छोटी दुरुस्ती उद्यावर न ढकलणारा माणूस दिसतो. कारण उद्या मदतीला तोच असणार आहे.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!