कड्यावर थांबणारी माणसं

18 जानेवारी 2025 रोजी गोव्यातल्या केरीच्या पठारावरून उडालेलं टँडम पॅराग्लायडर दरीत कोसळलं. पुण्याची 27 वर्षांची तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट, दोघंही गेले. कंपनी बेकायदा चालत होती असं पोलिसांनी सांगितलं, मालकावर गुन्हा नोंदवला. परभणीत ती बातमी वाचली आणि दिवसभर कशात मन लागलं नाही. पेडणे तालुक्याचा तो किनारा माझ्या पायाखालचा आहे.

आम्हा उडणाऱ्यांच्या जगातला हँग ग्लायडरचा जमाना मी ज्येष्ठांकडून ऐकला तेवढाच. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, वर ताणलेलं कापड, तीसेक किलोचं ते धूड जीपच्या टपावर बांधून डोंगरावर न्यायचं. पुढं पाठपिशवीत मावणारं पॅराग्लायडर आलं आणि ते पंख मागं पडले.

2000 ते 2010 हे दशक मात्र आमचं. आमच्याकडं परभणीला काळी सपाट रानं, उंचवटा म्हणावा तर जिंतूरकडच्या टेकड्या. म्हणून देवगिरी एक्स्प्रेसनं कल्याण, तिथून लोणावळा आणि मग लोकलनं कामशेत. उडणं तिथं शिकलो, आणि कडा काय असतो ते हरमल-केरीला कळलं.

दुपारी खारे वारे सुटले की ते कड्यावर आदळून वर चढतात. त्या उचलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात तासभर तरंगता येतं. पण तोच वारा कड्याच्या मागं सड्यावर भोवरे करतो. पॅराग्लायडरचा वेग ताशी 35-40 किलोमीटर. वारा तेवढाच झाला की माणूस हवेत जागच्या जागी थिजतो. त्याहून वाढला की मागं सरकत थेट भोवऱ्यात. म्हणून समुद्रभर पांढरे तुरे उठलेले दिसले की आमचे शिक्षक पंख उलगडूच देत नसत. वळायचं ते नेहमी समुद्राकडं. समोरून कुणी आलं, तर कडा ज्याच्या उजव्या हाताला त्याची वाट मोकळी ठेवायची. भरतीची वेळ आधी विचारून घ्यायची, कारण उतरायला वाळू उरली नाही तर पाण्यात फुगलेला पंख माणसाला ओढत नेतो.

एका संध्याकाळी मी टेक ऑफला उभा होतो, हेल्मेट बांधलेलं, पंखाला जोडणारे रायझर हातात. शिक्षकांनी वाकून माझे मांड्यांचे पट्टे ओढून पाहिले. डावा बक्कल खडीच्या कणामुळं अर्धवट अडकला होता. त्यांनी तो सोडवला, फुंकर मारली, पुन्हा लावला, खट्‌ आवाज ऐकला. तेवढ्यात वारा वाढून विंडसॉक आडवा झाला. ‘गुंडाळा सगळं,’ म्हणाले. दिवसभर वाट पाहिलेली सगळी माणसं निमूट खाली उतरली. कुणी पैशांचा विषय काढला नाही.

ती शिस्त मोडली ती बाहेरच्यांनी नव्हे. दशकाच्या अखेरीस आमच्यातल्याच एका संस्थाचालकानं पाच मिनिटांच्या ‘राइड’ विकायला काढल्या. वारा पाहून नाही म्हणणाऱ्या पोरांना तो चारचौघांत भित्रे म्हणायचा. त्याच्या हाताखालची चांगली पोरं एकेक करून निघून गेली. मला त्याचा राग तेव्हाही होता, आजही आहे. आज किनाऱ्यावर ठिकठिकाणी गिऱ्हाइकाच्या हातात सेल्फी स्टिक आधी येते आणि मांडीचा पट्टा नंतर. पायलटला पैसे उड्डाणामागं मिळतात, मग वारा बघून ‘आज नाही’ कोण म्हणणार? कामशेतची ती पिढीही विखुरली. कुणी परदेशी गेलं, कुणी पंख विकून टाकला.

महाराष्ट्रानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, जमीन-हवा-पाणी अशा सगळ्या उपक्रमांना नोंदणी लावली. चांगलं झालं. पण नोंदणीचा कागद कचेरीत असतो आणि वारा कड्यावर. त्या कड्यावर, महाराष्ट्रात काय नि गोव्यात काय, असा एक जाणता पायलट नेमा ज्याचा पगार उड्डाणांवर मोजला जात नाही, आणि रांग बंद करायचा अधिकार फक्त त्याला द्या.