आकाशातून वादळाचा जोर कसा कळतो?



३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढे ते घाट ओलांडून पुणे, नाशिककडे आले. आपल्या नाशिक रोडला समुद्र नाही, तरी वारा-पाऊस आलाच!

पण वादळ समुद्रात असतानाच हवामान खात्याने त्याचा जोर सांगितला होता. भर समुद्रात वारा मोजायला कोण बसले होते? जहाजे तर वादळापासून लांब पळतात. मग हे कळले कसे?

आपले इन्सॅट उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. ते पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून त्यांची नजर भारतावरून हलत नाही. दर अर्ध्या तासाला ते ढगांचे चित्र पाठवतात. रात्रीसुद्धा! कारण त्यांचा एक कॅमेरा उजेड नव्हे, उष्णता टिपतो.

चित्रात वारा दिसत नाही, ढग दिसतात. अमेरिकेतील व्हर्नन ड्वोरॅक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात ढगांच्या आकारावरून जोर ओळखण्याची रीत बसवली. आई चकली पाडते ना? तसेच ढग मध्याभोवती वळत जातात. वारा जितका जोरदार, तितका वेढा पुरा. या रीतीत वादळाला १ ते ८ असे गुण देतात. त्याला ‘टी-क्रमांक’ म्हणतात. ढगांचा अर्धा वेढा झाला की अडीच, म्हणजे चक्रीवादळ. वेढा जवळजवळ पुरा झाला की साडेतीन, म्हणजे तीव्र चक्रीवादळ. ‘निसर्ग’ तीव्र होते.

वादळ आणखी बळावले की मधोमध ‘डोळा’ उघडतो. भोवतीचे उंच ढग अतिशय थंड आणि डोळा उबदार असतो. हा फरक जितका मोठा, तितके वादळ भयंकर. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाचा डोळा चित्रांत स्पष्ट दिसला होता.

हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. अर्ध्या गुणाची चूक होऊ शकते. म्हणून किनाऱ्याजवळ रडारनेही पडताळा घेतात.

पण या अंदाजामुळेच मच्छीमारांना माघारी बोलावता येते, हजारो माणसांना आधीच हलवता येते. आपल्यालाही कांदा झाकायला वेळ मिळतो. तेव्हा रेडिओवर इशारा ऐकला, तर “आपल्याकडे कुठे समुद्र आहे?” असे म्हणू नका. घरी सर्वांना सांगा!